माहुली नावाचा सर्व्हर

आंबेखोरला मोबाइलला रेंज नाही. डोळखांबच्या पुढे, डोंगराने तीन बाजूंनी कवेत घेतलेलं हे गाव. पूर्वी फोन लावायचा म्हणजे गावामागच्या टेपावर, टेकडीवरच्या बोडक्या खडकापर्यंत चढून जावं लागे. पाव्हण्याला बोलवायचं असो की पोराच्या नोकरीची चौकशी करायची असो, माणसं धापा टाकत वर जायची आणि कानाला फोन लावून खडकाभोवती फिरत राहायची.

मग डोळखांबच्या दीपेशने विजेच्या खांबांवरून काळी वायर ओढत गावात इंटरनेट आणलं. वर्षभरात बहुतेक घरांत लुकलुकणारे डबे बसले. फोनमधलं एक बटण चालू केलं की त्या वायफायवरूनच साधा फोनसुद्धा लागतो, हे लोकांना कळलं आणि टेपाची वाट गवतात गेली. ते बटण घरोघरी जाऊन चालू करून दिलं ते योगिनीने.

योगिनी ही ज्ञानेश्वरची एकुलती एक मुलगी. शहापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि ठाण्याला नोकरीला लागली. लोकांचे कॉम्प्युटर बिघडले की फोनवरून त्यांना समजावून सांगत ते दुरुस्त करवून घ्यायचे, हे तिचं काम. तीन मैत्रिणींसोबत एका खोलीत राहायची. पुढे कंपनीने ते काम दुसऱ्या शहरात हलवलं आणि खोली विस्कटली. दामिनी लग्न होऊन नाशिकला गेली, एक पुण्याला गेली, एक नवऱ्याबरोबर गुजरातेत. योगिनी घरी आली. थोड्या दिवसांसाठी आली होती, पण ते थोडे दिवस काही संपेनात.

घरी बसून ती शहापूरच्या दोन-चार दुकानांचे हिशेब कॉम्प्युटरवर लिहून द्यायची. पण बघायला आलेल्या पाव्हण्यांनी विचारलं की आई सांगायची, "आता घरीच असते." ते वाक्य योगिनीला कुसळासारखं टोचायचं. गावात तिच्या वयाच्या मुली एक तर सासरी होत्या, नाही तर कडेवर पोर घेऊन माहेरपणाला आलेल्या. त्यांच्याशी बोलायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि तिच्याशी बोलायला त्यांच्याकडे.

ठाण्याच्या खोलीत असताना त्या चौघी एक खेळ खेळायच्या. ठोकळ्यावर ठोकळा रचत आपलं स्वतःचं जग उभं करायचं, असा तो खेळ. एका रविवारी त्यांनी त्यात माहुलीचा किल्ला बांधायला घेतला. आसनगावला उतरलं की समोर दिसतात ते सुळके योगिनीने आठवणीतून उभे केले. खोली सुटली तरी खेळ सुटला नाही. जी ती आपापल्या गावाहून, कुकर लावून झाला की, बाळ झोपलं की, त्या किल्ल्यात यायची. पण ते जग भाड्याच्या सर्व्हरवर होतं. ती कंपनी बंद पडली आणि एके दिवशी किल्ला, सुळके, टाकी, सगळं नाहीसं झालं.

दामिनी फोनवर रडली होती. योगिनी म्हणाली, "परक्याच्या जागेत जोतं घातलं, ही आपली चूक. आता माझ्या घरात घालू."

तिच्याकडे कंपनीने मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर तिने सर्व्हर बसवला आणि त्याला नाव दिलं माहुली. घरातल्या घरात तो झकास चालला, पण बाहेरून कोणालाच आत येता येईना. तिने राउटर पालथा करून त्याच्या पाठीवर छापलेला आकडा ब्राउझरमध्ये टाकला, आतल्या सेटिंगमध्ये शिरली. कॉम्प्युटरला एक पक्का अंतर्गत पत्ता दिला, या नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, कोणी आलं तर त्याला थेट इकडे पाठव असा नियम लिहिला. कॉम्प्युटरच्या फायरवॉलमध्ये तेवढीच एक फट ठेवली. राउटरचा जुना पासवर्ड बदलला, बाहेरून राउटरमध्ये शिरायची सोय बंद केली. सगळं बरोबर होतं. तरी दामिनीच्या स्क्रीनवर एकच ओळ यायची: संपर्क होत नाही.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर तिच्या लक्षात आलं. दोष तिच्या नियमांत नव्हता. दीपेशच्या जाळ्यातल्या सगळ्या गावांना बाहेरच्या जगात मिळून एकच पत्ता होता.

"म्हणजे कसं?" ज्ञानेश्वरने विचारलं. मुलगी एवढी कशात बुडाली आहे, हे त्याला कळून घ्यायचं होतं.

"बाबा, पत्रावर नुसतं आंबेखोर लिहिलं आणि नाव लिहिलंच नाय, तर पोस्टमन पत्र कोणाला देईल?"

"परत नेईल."

"तेच होतंय. आपल्याला आपला वेगळा पत्ता पाहिजे."

तो पत्ता दीपेशने दिला. योगिनीने त्याची घरोघरची कामं फुकटात केली होती, तेव्हा त्यानेही फार विचारलं नाही. त्या दुपारी दामिनीचा आवाज घरभर घुमला, "आले गो, आत आले! अगं, इथे तर नुसता माळ आहे!" योगिनीची आई चुलीपुढून उठून बघायला आली. पडद्यावर हिरव्या माळावर एक ठोकळ्यांची बाई उड्या मारत होती. "ही दामिनी?" आई म्हणाली. "लग्नात बरी दिसत होती." योगिनी किती तरी महिन्यांनी मोकळी हसली.

पावसाळाभर किल्ला वाढत गेला. दामिनीची नणंद आली, नणंदेच्या कॉलेजातली मुलं आली, मग त्यांच्या ओळखीचे, मग ओळखीचेही नसलेले. कोणी तटबंदी घेतली, कोणी धान्यकोठार. सगळे तिला किल्लेदार म्हणायचे. कोण कुठे काय बांधणार, भांडण झालं तर कोण चूक, हे किल्लेदार ठरवायची. बाहेर आंब्याच्या फांदीवरून पाणी टपकायचं, बाप गुडघाभर चिखलात भाताची आवणी करून यायचा, आणि आत योगिनी कुठल्या कुठल्या गावच्या माणसांना कामं वाटत असायची. तिने गावात कोणाला याबद्दल सांगितलं नाही. सांगून कळलं नसतं असं नाही, पण आपलं एवढं एकच सुख लोकांच्या हसण्यावारी जावं, हे तिला नको होतं.

गणपतीनंतर 'शिकारी' नावाने एक जण यायला लागला. खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. बांधकामात तरबेज होता, पण त्याची नजर वाईट. सांगलीकडची एक शाळकरी मुलगी यायची, तिच्या मागे लागला. आधी गोड बोलला, मग फोटो मागायला लागला, मग तिने उत्तर दिलं नाही तर घाण घाण लिहायला लागला. मुलीने ते योगिनीला दाखवलं. योगिनीने क्षणाचाही विचार केला नाही. त्याला कायमचा बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर का काढला ते लिहिलं.

त्याचा एकच निरोप आला. "तुझा सर्व्हर कुठे आहे मला माहीत आहे. चालवून दाखव."

योगिनीने तो वाचला आणि पुसला. असले खूप पाहिले होते तिने.

भात कापणीला आलं तसं एका गुरुवारी दुपारी गावाचं नेट मेलं. डब्यांचे दिवे लागलेले, पण कशालाच काही लागेना. संध्याकाळपर्यंत तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दीपेश मोटरसायकलवरून थेट योगिनीच्या अंगणात आला. हेल्मेटही काढलं नाही.

"योगिनी, तुज्या त्या पत्त्यावर काय चालू हाय?"

"का, दादा?"

"जगभरातून कचरा येऊन पडतोय त्याच्यावर. माजी सगळी लाइन तुंबली. चार गावं बसली. वरच्या कंपनीवाल्यानं मला दाखवलं, सगळं तुज्याच पत्त्यावर."

 योगिनीला लगेच कळलं. कोणीतरी चोरलेल्या हजारो मशिनींकडून तिच्या पत्त्यावर निरर्थक मागण्यांचा लोंढा सोडला होता. तिच्या दारातून त्यातलं काहीच आत येऊ शकत नव्हतं. पण दारापर्यंत येणारा रस्ता सगळ्यांचा होता, आणि गर्दी त्या रस्त्यावर होती.

तिने दीपेशला सगळं सांगितलं. शिकारीचंही.

"मंग बंद कर ना गो ते. पत्ता परत दे मला."

इथे योगिनी थांबली. येत्या रविवारी किल्ल्याचा महादरवाजा पुरा होणार होता. दामिनीने बाळाला सासूकडे ठेवायचं कबूल करून घेतलं होतं. पुण्याची, गुजरातेतली, चौघी एका वेळी येणार होत्या. खोली सुटल्यापासून पहिल्यांदाच.

"दादा, रविवारपर्यंत राहू दे. पत्ता बदलून दे मला. नवीन पत्ता त्याला कळणार नाय. रविवार झाला की मी स्वतः बंद करते."

दीपेशने मान खाजवली.  "बघ हं. परत झालं तर लोक मला खातील."

"नाय होणार."

दीपेशने जुना पत्ता मारून नवा दिला आणि गावांचं नेट परत आलं. योगिनीने तो आपल्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये शिकारी दुसऱ्याच नावाने बसलेला असेल, हे तिला सुचायला हवं होतं. ठाण्याच्या हेल्पडेस्कवर असताना दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिने त्याला मूर्खात काढलं असतं.

शनिवारी जेवणं उरकून माणसं पुन्हा शेतावर गेली होती. योगिनी शहापूरच्या दुकानदाराची बिलं लिहीत होती आणि पान उघडेना. तिने पुन्हा केलं, तरी नाही. मग सर्व्हरची खिडकी पाहिली: सगळे बाहेर फेकले गेले होते, तोच लोंढा परत आला होता. तिने राउटरची पिन भिंतीतून ओढून काढली. हे करून उपयोग नव्हता, हेही तिला माहीत होतं. लोंढा तिच्या घराशी नाही, दीपेशच्या वेशीशी अडत होता. तो पत्ताच वरून मारून टाकायला हवा होता, आणि ते फक्त दीपेश करू शकत होता. दीपेश कसाऱ्याकडे कुठल्या तरी खांबावर चढलेला असणार, आणि त्याला फोन लावायला घरात वायफाय नव्हतं.

ती टेपाकडे धावली. वाट गवताने भरलेली, पायाला काटे लागत होते. खडकापाशी पोहोचून तिने फोन वर धरला, एक दांडी आली, गेली, पुन्हा आली. दीपेशला लागला.

"दादा, परत झालंय. पत्ता मारायला सांग वर. आत्ता सांग."

"तरी मी म्हनलो..."

"दादा, नंतर शिव्या दे. आधी फोन कर."

ती बोलत होती तेवढ्यात खालून कोणीतरी हुंदके देत चढत येताना ऐकू आलं. रेश्मा. शेजारच्या गणूकाकाची सून. डोक्याचा पदर पडलेला, पायात चप्पल नाही, हातात फोन.

"फोन दे! तुजा लागतोय? माजा कवापासनं लावतेय घरातनं, लागतच नाय गो... मामांना पान लागलं. घोणस. खालच्या खाचरात, पेंढी उचलताना."

रेश्माने घरात उभं राहून कितीदा फोन लावला असेल, कोण जाणे. एवढे महिने तिथूनच तर लागायचा. डबा बंद करून पुन्हा चालू केला, फोन बंद करून चालू केला, दारात जाऊन धरला, ओट्यावर जाऊन धरला. शेवटी तिला टेप आठवला.

योगिनीने दीपेशचा फोन तोडला आणि १०८ लावला. समोरच्या माणसाने शांतपणे सगळं विचारून घेतलं. गाडी निघतेय म्हणाला, पण डोंगराचा रस्ता आहे, जमलं तर पेशंटला हलू न देता डोळखांबच्या दिशेने आणा. गावात त्या वेळी चालू स्थितीतलं एकच वाहन होतं, वाळू नावाच्या गाववाल्याची पिकअप, आणि तो भात घेऊन पलीकडच्या पाड्यावर गेलेला. त्या पाड्यावरचं वायफायही बंद, त्याला फोन लागेना. मग एका पोराला सायकलवर पिटाळलं.

गाडी येईपर्यंत गणूकाका ओट्यावर पडून होते. घोट्याच्या वर दोन ठिपके, पाय भोपळ्यासारखा सुजलेला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. त्यांची बायको, काशीकाकी, त्यांच्या तोंडाला पदर लावत होती आणि एकच म्हणत होती, "आली गाडी. आली बगा."

योगिनी पिकअपमध्ये चढली. कोणी तिला चढ म्हटलं नाही, उतरही म्हटलं नाही. पेंढ्याच्या थरावर गणूकाकांना घेतलं होतं, तिने त्यांचं डोकं मांडीवर धरलं. प्रत्येक खड्ड्याला त्यांचे दात वाजायचे. अर्ध्या वाटेत अॅम्ब्युलन्स समोरून आली. डोळखांबला डॉक्टरांनी सापाच्या विषावरचं इंजेक्शन लावलं आणि हात न थांबवता सांगितलं, "ठाण्याला न्या, किडनी बघावी लागेल. थोडं आधी आला असता तर..."

काशीकाकी योगिनीकडे वळून म्हणाली, "ते नेट मेलं म्हनून गो. नायतर लगेच लागला असता फोन."

योगिनीने काकीचा हात धरला. 

ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात गणूकाकांच्या किडन्या बंद पडल्या. मशिनवर रक्त धुवावं लागलं. योगिनी तिथेच राहिली. दवाखान्याचे कागद कुठे द्यायचे, रक्त कुठून आणायचं, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, हे तिला ठाण्यात राहून माहीत होतं, काकीला नव्हतं. रविवारी दुपारी तिच्या फोनवर दामिनीचे निरोप येत राहिले. कुठे आहेस, सर्व्हर बंद का, आम्ही सगळ्या थांबलोय. तिने फोन पर्समध्ये टाकला.

गणूकाकांनी डोळे उघडून पाणी मागितलं त्या दिवशी तिने काकीला व्हरांड्यात बसवलं आणि सगळं सांगितलं. खेळ, सर्व्हर, वेगळा पत्ता, शिकारी, गुरुवार, रविवार. काकीला अर्धं कळलं, अर्धं नाही. पण नेट का मेलं होतं, तेवढं नीट कळलं.

"कोनाशी भांडलीस तू?"

"एका माणसाशी. नाव माहीत नाय."

"तोंड बगितलंस?"

"नाय काकी."

"नाव नाय, तोंड नाय, मंग भांडलीस कशाला?"

"तो एका पोरीच्या मागे लागला होता. घाण बोलायचा तिला. शाळेतली पोर होती."

"ती तुजी कोन?"

"कोणी नाय."

काकीने जिन्याकडे पाहिलं. एक बाई हातात डबा घेऊन चढत होती, तिला वाट द्यायला काकीने पाय जवळ घेतले.

"त्याला हाकललंस ते बरं केलंस," ती शेवटी म्हणाली. "पन माज्या घरातलं मानूस हाय ते आत. रेश्माला तू सांग. मी नाय सांगनार तुज्यासाठी."

योगिनी गावी आली ती आधी रेश्माच्या ओट्यावर गेली. रेश्मा सुपात तांदूळ पाखडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. तिने खेळाबद्दल काही विचारलं नाही, शिकारीबद्दलही नाही.

"गुरुवारी झालं तवाच तुला कळलेलं?"

"शुक्रवारी सकाळी. दीपेशदादा आला तेव्हा."

"त्यानं बंद करायला सांगितलं?"

"हो."

"आनि तू रविवारपर्यंत थांब म्हनलीस."

"हो."

"खेळासाठी."

योगिनीला सांगायचं होतं की तो नुसता खेळ नव्हता. पण ते वाक्य त्या ओट्यावर उभं राहू शकत नव्हतं. ती "हो" म्हणाली.

रेश्माने सूप उचललं आणि आत गेली. दार लोटलं नाही, पण बाहेरही आली नाही.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही, आणि पसरताना तिने पुष्कळ रूपं घेतली. ज्ञानेश्वरची पोरगी फोनवर जुगार खेळते. तिला कुणी फसवलं. तिनेच कुणाला फसवलं आणि त्याने सूड घेतला. देवळात बैठक बसली. कोणी म्हणालं तिच्या घराची वायर तोडा. कोणी म्हणालं, वायरीचं काय घेऊन बसलात, एवढ्या वर्षांत टॉवर नाय लागला गावाला, ते कोणाला विचारणार? ज्ञानेश्वर खांबाला टेकून बसला होता. त्याला बोल म्हणाले तेव्हा तो उठला, टोपी काढली, "माजी मान खाली हाय" एवढंच म्हणाला आणि पुन्हा बसला. योगिनी दाराबाहेर बायकांच्या घोळक्यात उभी होती. बापाला टोपी काढताना तिने आधी कधी पाहिलं नव्हतं.

ती शहापूरला पोलिसांकडेही गेली. तिथल्या सायबरचं काम बघणाऱ्या बाईंनी नीट ऐकलं, तक्रार घेतली, शिकारीचे निरोप मागितले. निरोप योगिनीने तेव्हाच पुसलेले. जे पत्ते सापडले ते कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांच्या कॅमेऱ्यांचे, राउटरांचे. त्या बिचाऱ्यांना आपली यंत्रं कोणी वापरली याचा पत्ताही नसणार. "प्रयत्न करतो," बाई म्हणाल्या. तो कोण होता, कुठे होता, सोळा वर्षांचा होता की चाळीस, हे पुढेही कळलं नाही. आपण काय केलं ते त्यालाही कधी कळलं नसेल. योगिनीला सगळ्यात जास्त हेच खायचं. तिच्या रागाला जायला ठिकाणच नव्हतं, म्हणून तो घरीच राहिला.

गणूकाकांचं खालचं खाचर तसंच उभं होतं. रेश्माचा नवरा भिवंडीच्या गोदामातून रजा काढून दवाखान्यात बसलेला, काकी तिथेच. दाणे झडायला लागले होते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वरने आपलं कापायचं राहिलेलं भात सोडलं, विळा घेतला आणि गणूच्या बांधावर जाऊन उभा राहिला. योगिनी मागून गेली. लहानपणी केलेलं काम, हाताला सवय उरली नव्हती. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले, कंबर धरली. पेंढी उचलताना प्रत्येक वेळी हात आपोआप थबकायचा. ज्ञानेश्वरने ते पाहिलं.

"काठीनं हलवून मंग उचल," तो म्हणाला. दिवसभरात तेवढंच बोलला.

रेश्मा पलीकडच्या टोकाने कापत आली. शेजारी शेतात आला तर पाणी द्यायची रीत आहे. तिने कळशी आणली, ज्ञानेश्वरला तांब्या भरून दिला, आणि कळशी बांधावर ठेवून गेली. योगिनीने स्वतः वाकून घेतलं. भारे खळ्यावर पडेपर्यंत तिघं तशीच राबली.

गणूकाका दिवाळी उलटून बऱ्याच दिवसांनी घरी आले. किडन्या हळूहळू सुरू झाल्या होत्या, पण घोट्याजवळचं मांस सडून काढावं लागलं होतं. काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. चिखलात पाय घालायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे शेती संपली. योगिनी भेटायला गेली तर त्यांनी तिला बस म्हटलं आणि ठाण्यातल्या जेवणाला कशी चव नव्हती ते सांगत राहिले. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर योगिनीला रात्री झोप तरी लागली असती.

सर्व्हर तिने पुन्हा लावला नाही. दामिनीने एकदा फोन केला. "मी भाड्याचा घेते. तू नुसती फाइल पाठव. आणि तू ये अधूनमधून."

"फाइल पाठवते," योगिनी म्हणाली.

"येशील ना?"

"बघू."

तिने किल्ला पाठवून दिला, राउटरमधला नियम पुसला, पत्ता दीपेशला परत केला. दामिनी आणि बाकीच्यांनी महादरवाजा पुरा केला असं ऐकलं. ती पाहायला गेली नाही.

दीपेशने मात्र तिला सोडलं नाही. त्याच्या हातूनही चूक झाली होती, हे त्याला आतून माहीत होतं. तो म्हणाला, "चार गावं एका वायरीवर लटकवलीत मी, आनि वर काय करायचं ते मला कळत नाय. तुला कळतं. ये माज्याकडं." तिने यायला महिना लावला. मग दोघांनी गावचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या घरी, अडीनडीला फोन लागावा म्हणून, दुसऱ्याच कंपनीची वेगळी लाइन घेतली. टेपाची वाट तिने गावच्या पोरांना घेऊन साफ केली. घरोघरी पुन्हा गेली, आणि या वेळी वायफाय गेलं तर वाट बघत न बसता थेट टेप गाठायचा, हे सांगितलं. काही घरांनी ऐकून घेतलं. काहींनी दारातूनच "कळलं" म्हटलं.

आता तक्रारीचा फोन तीच उचलते. उन्हाळ्यात एकदा असाच वाजला. 

"लाल दिवा लागलाय डब्यात," आवाज आला. रेश्मा, पलीकडच्या घरच्या वायफायवरून.

"वहिनी, मी येते बघायला. दोन मिनिटांत—"

"येऊ नको. फोनवर सांग."

योगिनीने सांगितलं. मागची पिवळी वायर नीट खोचली आहे का बघ, मुडपली असेल तर सरळ कर, मग बटण दाबून धर. पलीकडे रेश्माच्या पावलांचा आवाज दूर गेला, परत आला.

"झाला का हिरवा?" योगिनीने विचारलं.

"झाला," रेश्मा म्हणाली आणि फोन ठेवला.